दाताचं काम

युनूस मिस्त्रींची बत्तीशी हरवून आठवडा उलटला होता, आणि दारव्ह्याच्या खरादी मोहल्ल्यातल्या त्या घरात ती शोधायला आता जागा उरली नव्हती. पिठाचा डबा चाळून झाला. खरादीखालचा, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्राखालचा, भुसा सुपात घेऊन पाखडून झाला. थोरल्या मुलानं, नौशादनं, तर बकरीचा जबडा फाकवून आत पाहिलं आणि बोट चावून घेतलं. बकरीचे दात शाबूत आहेत, एवढाच काय तो शोध लागला. मिस्त्री स्वतः मात्र निवांत. खाटेवर बसून दुधात कुस्करलेली पोळी गिळायची, आणि कोणी विचारलंच तर आभाळाकडे हात दाखवायचा, म्हणजे वरच्यानं नेले. वरच्याला युनूस मिस्त्रीच्या नकली दातांचं काय करायचं होतं, हे विचारणार कोणाला?

जीव टांगणीला लागला होता तो मिस्त्रींच्या सुनेचा, नौशादच्या बायकोचा, मेहनाजचा. कारण आज उमरखेडवाले येणार होते.

नणंद नसरीनचा चिल्ला, म्हणजे बाळंतपणाचे चाळीस दिवस, पुरा झाला होता. तिला आणि बाळाला न्यायला तिची सासू सुगराबी आणि नवरा शहजाद उमरखेडहून जीप करून निघाले होते. आता ही सुगराबी म्हणजे मेहनाजची सख्खी खाला, मावशी. सोयरीक मेहनाजनंच जुळवली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत जरा कुठं खुट्ट झालं की दोन्हीकडचे लोक हिच्याच डोक्यावर खापर फोडायचे. मिस्त्रींना यवतमाळला नेऊन बत्तीशी बसवून दिली ती शहजादनं. पोरगा गुणाचा. पण त्याची आई! गेल्या वर्षी रमजान ईदेला मिस्त्री लेकीकडे जेवायला बसले, तर भरल्या दस्तरखानावर ही बाई म्हणते कशी, "चावा समधीसाहेब, बिनधास चावा. दात आपलेच हायेत."

मिस्त्रींनी हातातला घास खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी उमरखेडची वाट धरली नाही. लेकीला सातवा महिना लागला तेव्हाही नाही. शहजाद दरवेळी न्यायला यायचा आणि दरवेळी मिस्त्रींना खरादीवर अर्जंट काम निघायचं. कापसाचा भाव पडल्यापासून दारव्ह्यात कोणी साधं लाटणंही विकत घेत नव्हतं, अर्जंट काम कुठलं डोंबलाचं! नसरीनला हे सगळं कळत होतं. ती बोलायची नाही, फक्त बाप दिसला की डोळे पुसायची.

आता त्याच सुगराबीला सांगायचं होतं की तुम्ही दिलेले दात हरवले. तेही एक वेळ निभावलं असतं. खरा घोर होता पाळण्याचा.

पहिल्या नातवाचा पाळणा नानाच्या, म्हणजे आईच्या बापाच्या, घरून जायचा, हा खरादी घराण्याचा रिवाज. शिसवीचे गज खरादीवर उतरवायचे, त्यांना बारीक छिद्रं पाडायची, छिद्रात पांढरी खुंटी गोंदानं ठोकायची, आणि गज पुन्हा फिरवून पटाशीनं ती लाकडाबरोबर आणायची. काळ्या लाकडात पांढरे टिपके असे बसायचे की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. याला घरात म्हणत 'दाताचं काम'. दाताचं म्हणजे हत्तीच्या दाताचं, हे दारव्ह्यापासून दिग्रसपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मिस्त्रींच्या बापानं म्हणे निजामाच्या मुलखातून हस्तिदंताचं एक पोतं आणलं होतं आणि तेच अजून पुरत होतं. मेहनाजनं सोयरिकीच्या बैठकीत हेच छाती फुगवून सांगितलं. सुगराबीनं ते उमरखेडभर केलं. आज जीप परत पोचली की तिथल्या बाया हत्ती पाहायला दारात उभ्या राहणार होत्या.

"पालन्यात काई कमी निघालं न भाबी," नसरीन कालच म्हणाली होती, "त मले तथी जल्मभर ऐका लागन. पोरगं म्हातारं होईन, पन ते बोलनं नाई सरायचं."

आणि आज सकाळी बत्तीशी शोधता शोधता मेहनाजच्या हाती ते पोतं लागलं.

खरादीमागच्या फळीवर होतं. हस्तिदंत पाहायला मिळतंय म्हणून तिनं मोठ्या आदबीनं तोंड सोडलं, आत हात घातला आणि "या अल्ला!" करून बाहेर काढला. आत टूथब्रशांची डोकी होती. केस झिजलेली, पसरलेली, वाकडी. नुसती डोकी. दांड्या गायब.

पोतं फरफटत ती अंगणात सासूपुढे आली. आयशाबी मेथी निवडत बसल्या होत्या.

"अम्मी, हे काय हाये?"

"बुरुश."

"ते दिसून राह्यलं मले. दांड्या कुठी हायेत?"

"पलंगाइत. चौरंगाइत. तुह्या कपाटाच्या पायात." आयशाबींनी मेथीची काडी फेकली. "दाताचं काम करते न तुहे अब्बा."

"दाताचं?"

"मंग? दात घासाचे बुरुश, म्हून दाताचं काम. लगन झालं तवापासून मीच धुवून देतो. अख्ख्या मोहल्ल्याचे आनून टाकत."

मेहनाजनं पोतं तिथंच टाकलं. "अन् मले काहून नाई सांगतलं?"

"तू इचारलं कवा? तू त नवरी म्हून आली तेच हत्तीवर बसून आली."

"आता खालाले मी काय तोंड दाखवू? पालन्यातबी बुरुशच हायेत का?"

"पालन्याचं नाई माईत, माय," आयशाबी म्हणाल्या. "यंदा मले काई धुवालेच देल्लं नाई त्याहिनं. आजकाल पांढरे बुरुश येतेत कुठी? निळे, हिरवे, गुलाबी. म्हनत होते, साजरं पांढरं नाई भेटून राह्यलं. मंग एक दिवस बसले अन् दार लावून घेतलं."

मेहनाज आणखी काही विचारणार, तोच गल्लीत जीपचा हॉर्न वाजला. तिनं पोतं खाटेखाली लोटलं आणि डोक्यावर ओढणी घेतली.

सुगराबी आली ती दारातूनच बोलत आली. रस्त्याला खड्डे, ड्रायव्हर आंधळा, पुसदला प्यायलेला चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. बाळाची दृष्ट काढून, सुनेचं तोंड कुरवाळून ती खाटेवर टेकली, आणि तिची नजर ओसरीतल्या पाळण्यावर गेली. पाळणा चादरीखाली झाकलेला होता.

"चाय होऊ द्या आधी," मेहनाज घाईनं म्हणाली.

"होऊ दे न. हत्ती काई पळून नाई चालला." सुगराबी हसली. "अन् समधीसाहेब चुपचाप काहून? सलामबी तोंडातल्या तोंडात?"

मिस्त्रींनी हात कपाळाला लावून पुन्हा सलाम केला आणि ओठ घट्ट मिटले. शहजादनं सासऱ्याच्या आत गेलेल्या गालांकडे पाहिलं, पण पोरगा गुणाचा होता, बोलला नाही. नौशादला एकाएकी बकरीला पाला टाकायची आठवण झाली. या घरातल्या पुरुषांना अशा वेळी बकरी फार आठवायची.

मेहनाज चहा ओतत होती तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. सदाशिवराव. मिस्त्रींचा शाळेपासूनचा दोस्त, दारव्ह्याजवळच कापूस-तुरीचं वावर. खरेदी केंद्रावर गाडी लावून ते तसेच आले होते, अंगावर कापसाचे धागे, डोळे तांबारलेले. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"या काकाजी, बसा," मेहनाज म्हणाली. "कापूस घेतला का?"

"कायचा घेते! गिरेडर म्हनते पांढरा नाई. आता कापूस पांढरा नाई त काय हिरवा हाये का? यंदा पांढऱ्याले भावच नाई, पोरी." सदाशिवराव बसले आणि पाहुण्यांकडे पाहून अवघडले. टॉवेल सोडला, पुन्हा बांधला. "मिस्त्री, एक इचाराचं होतं. पन मंग इचारतो."

"इचारा न भाऊ," सुगराबी म्हणाली. "आमी काई परके नाई."

सदाशिवरावांनी टॉवेल सोडला. आत चौरंग होता. काळे शिसवी पाय, त्यांवर पांढऱ्या टिपक्यांची वेल. मिस्त्रींनीच त्यांच्या देवघरासाठी करून दिलेला.

"हे टिपके," ते म्हणाले, "हत्तीच्या दाताचे हायेत का जी?"

"मंग काय त!" मिस्त्रींच्या आधी सुगराबीच बोलली. "असली हाथीदात. आमच्या समध्याचं काम हाये ते."

"मेलो," सदाशिवराव म्हणाले.

"काहून?"

"अवं माय, याच्यावर गनपती बसते न आमचा! मी त जल्मभर लोकाइले मोठेपनानं दाखोलं. पन आमची सून, निशिगंधा, डीएड शिकेल हाये. थे म्हने, मामाजी, हत्तीच्या तोंडाचा देव, अन् त्याच्याच बुडाखाली हत्तीचे दात? झालं! माह्या बायकोनं, कोकिळेनं, त्याच रोजी चौरंग बाहेर काहाडला. गनपती आता तेलाच्या पिप्यावर बसून हाये. अन् कोकिळा म्हनते, कापसाले भाव नाई तो याच्याच मुयं."

"कापसाचा भाव चौरंगामुयं पडला?" नौशादचा आवाज बकरीपाशून आला.

"मंग कायनं पडला, सांग न! मोठे साहेब येऊन पाहून गेले, टीव्हीवाले पाहून गेले, कोनाले कारन सापडलं नाई. कोकिळेले सापडलं." सदाशिवरावांनी चौरंग मांडीवर घेतला. "मिस्त्री, हत्तीचं असन त हा चौरंग मले नदीत सोडा लागते. अन् कोकिळेनं शपथ घातली हाये, पुन्हा तुह्या उंबऱ्यात पाय ठेवाचा नाई. एवढ्या वर्साची आपली बसउठ, बापा. तू फकस्त नाई म्हन."

मेहनाजनं हातातली कपबशी खाली ठेवली. हो म्हटलं तर हा माणूस तुटतो, नाही म्हटलं तर नसरीनची मान खाली जाते. खाला आणि काकाजी, दोघांनाही एकाच खाटेवर बसायला आजचाच दिवस सापडावा ना! तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. मिस्त्री घाईघाईनं काहीतरी बोलले. फुसफुस आणि लाळ यांपलीकडे कोणाला काही कळलं नाही.

"काय म्हनते समधी?" सुगराबीचे डोळे बारीक झाले. "अन् त्याहिचे दात कुठी हायेत? आमी देल्ले ते?"

आयशाबींनी मेथीत मान खुपसली. "हरवले."

"हरवले! माह्या पोरानं खेटे घालून घालून बसवले, अन् हरवले! कदरच नाई इथी कोनाले." सुगराबी तरातरा उठली. "चादर काढ मेहनाज. पालना पाहू दे मले. तो तरी हाये का, का तोबी हरवला?"

चादर निघाली, आणि सुगराबी पुढं वाकली. पाळणा देखणाच होता. काळेभोर गज आरशासारखे गुळगुळीत. टिपके मिस्त्रींच्या नेहमीच्या कामापेक्षा कमी, अगदी मोजके, पण दुधाळ, आणि आतून किंचित उजळलेले. काही नाजूक, काही चांगले जाड. सुगराबीनं नख लावून एक टिपका खरवडला. निघाला नाही.

"दात हाये न?" तिनं मेहनाजकडे वळून विचारलं. "तू सांगतलं होतं मले. तुह्या तोंडानं. सांग आता सगळ्याइसमोर."

सगळे मेहनाजकडे पाहायला लागले. नसरीन बाळाला छातीशी धरून उभी होती, चेहरा पांढराफटक. सदाशिवरावांनी चौरंग पोटाशी घट्ट धरला होता. कसलं काय, असा विचार मेहनाजच्या मनात आला. आज हत्ती म्हणेन, उद्या पुन्हा हत्ती म्हणावं लागेल, आणि काकाजी बिचारे नदीवर जातील. तिनं खाली वाकून खाटेखालचं पोतं ओढलं आणि ओसरीत उपडं केलं.

"हा घ्या हत्ती," ती म्हणाली. "खाला, मले आजच समजलं. काकाजी, तुमच्या चौरंगात बुरुशाच्या दांड्या हायेत. पलास्टिक."

सदाशिवरावांनी ब्रशचं एक डोकं उचलून उलटसुलट करून पाहिला. आधी त्यांचा चेहरा फुलला, मग पडला.

"कोनाचे हायेत हे?"

"लोकाइचे," आयशाबी म्हणाल्या. "धुवून घेतेल हायेत."

"म्हंजे उष्टे. माह्या गनपतीखाली अख्ख्या दारव्ह्याचे उष्टे बुरुश!" सदाशिवरावांनी जरा विचार केला. "पन हत्ती नाई न? मंग मिटलं. एकदंत हाये बापा तो, एका दाताचा धनी. घासाची सोय झाली म्हनन. अन् कोकिळेले फकस्त पलास्टिक म्हून सांगजा. बुरुशाचं नाव काढू नका, तुमाले तुमच्या पोराइची आन."

पण सुगराबीच्या कानापर्यंत यातलं काही पोचत नव्हतं. तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल झाला होता.

"पलास्टिक! माह्या नातवाले लोकाइच्या तोंडातल्या बुरुशाचा पालना! अन् मी येडी गल्लीभर सांगत सुटली. शहजाद, जीप चालू कर. पालना राहू दे इथीच. पोरगं आमच्या घरी झोळीत झोपन."

"अम्मी, आयक त," शहजाद म्हणाला.

"काई आयकत नाई. बॅग उचल नसरीन."

नसरीननं बॅग उचलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं. आणि तेव्हा युनूस मिस्त्री खाटेवरून उठले. पाळण्याच्या गजावर हात मारून मारून ते ओरडायला लागले. सगळी फुसफुसच. पण रागाची फुसफुस, एवढं कोणालाही कळावं. सुगराबी दचकून मागं सरली.

"काय झालं याहिले? काय म्हनून राह्यले?"

कोणाला सांगता येईना. आयशाबींनाही नाही. नसरीन मात्र मान तिरकी करून ऐकत होती. चाळीस दिवस बिनदाताच्या बाळाशी बोलून बोलून तिचा कान तयार झाला असावा. ऐकता ऐकता तिनं तोंडावर हात ठेवला, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं.

"अब्बा म्हनते, पालन्यात बुरुश नाई. एकबी नाई. पालन्यात दात हायेत."

"कायचे दात?" सुगराबी म्हणाली. "कोनाचे?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. वरची हिरडी, खालची हिरडी, सगळं मोकळं मैदान. मग बोट पाळण्याकडे नेलं आणि एका जाड टिपक्यावर टेकवलं.

"ते दाढ हाये म्हनते," नसरीन म्हणाली.

मेहनाजनं वाकून पाहिलं. नाजूक टिपके पुढच्या दातांचे, जाड टिपके दाढांचे. आठवडाभर आम्ही बकरीचं तोंड उघडून पाहतोय, पीठ चाळतोय, आणि हा माणूस आभाळाकडे हात दाखवतोय! तिला हसूही आलं आणि हुंदकाही.

"आमी देल्ले ते?" सुगराबीनं विचारलं.

"तेच, अम्मीजान." नसरीन पहिल्यांदाच सासूकडे सरळ पाहत होती. "तुमी म्हनलं होतं न, दात आपलेच हायेत. म्हून अब्बाइनं वापस केले."

शहजादनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय, कळेना.

सुगराबी पाळण्यापाशी खाली बसली. तिनं दाढेच्या टिपक्यावरून हळूच बोट फिरवलं.

"मी हासत म्हनलं होतं ते," ती म्हणाली.

"त्याहिले हासू नाई आलं," आयशाबी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण सोडूनही दिलेलं नव्हतं.

"अन् आता खातेत काय?"

"दूधपोळी."

"आठ दिसापासून?"

आयशाबींनी नुसती मान हलवली. सुगराबीनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, आणि लगेच रागावून खाली ओढलं. आपण रडतो हे कोणी पाहिलेलं तिला खपायचं नाही. मग ती आपल्या मूळ स्वभावावर आली.

"तथी बाया इचारतीन मले. दात हाये का म्हनतीन. मी काय सांगू?"

"दात हाये म्हून सांगजा," मेहनाज म्हणाली. "खोटं हाये का, खाला?"

"अन् कोनाचा इचारलं त?"

"नानाचा म्हना," सदाशिवरावांनी मधेच तोंड घातलं. "हत्तीचा काय, कोनीबी इकत घेते. नानानं आपल्या तोंडातले काहाडून देल्ले, असा पायना उमरखेडात कोनाकडं हाये? नाई, सांगा न!"

सुगराबीनं यावर विचार केला. गल्लीतल्या बायांची तोंडं एकेक करून तिच्या डोळ्यांसमोरून जात असावीत. हळूहळू तिची मान ताठ झाली.

"शहजाद, उभा काय राह्यला? उचल पालना," ती म्हणाली. "संभाळून. टपावर नाई टाकाचा, आत घे. अन् गादी लावजो खालून. दाताचं काम हाये ते."

जीप भरता भरता ऊन कलायला लागलं. सदाशिवराव चौरंग काखेत मारून कोकिळाबाईला प्लास्टिकची खुशखबर द्यायला निघून गेले. नौशाद बकरी सोडून आला आणि आपणच सगळं निभावल्यासारखा दोऱ्या आवळायला लागला. नसरीन आईच्या गळ्यात पडली, भाबीच्या गळ्यात पडली. बाळ पाळण्यातच निजलं होतं, आणि पाळणा मधल्या सीटवर सुगराबीच्या गुडघ्यांना रेलून बसला होता.

"समधीसाहेब," सुगराबी आतून म्हणाली, बाहेर न पाहता, "शहजाद पुढल्या हप्त्यात येईन. यवतमाळले जाजा त्याच्यासंगं. नवे बसवून घ्या. मी काई बोलनार नाई आता. कसम घ्या माह्याकडून."

मिस्त्रींनी जोरजोरात मान हलवली. नको. ते खिडकीपाशी आले, दोन्ही हातांनी काच धरली, आणि आत वाकून लेकीला काहीतरी सांगायला लागले. बरंच लांबलचक. मेहनाज मागंच उभी होती, पण तिला एक अक्षर लागलं नाही. नसरीन ऐकत राहिली. तिनं बापाचा हात काचेवरून उचलला आणि गालाला लावून धरला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी सोडला नाही.

"काय म्हनते?" सुगराबीनं तिला कोपर लावलं. "सांग न वो. नवे दात नाई पाह्यजे म्हनते का?"

"येतो म्हनते," नसरीन म्हणाली. "बकरीदले येतो म्हनते आपल्या घरी. खिमा बारीक करजा म्हनते."